१९१८ ची इन्फ्लुएंझाची साथ आणि यंत्रणांमधील समन्वय : मुंबईच्या अनुभवाचा ऐतिहासिक अभ्यास

प्रास्ताविक

साथीच्या रोगांचा इतिहास हा केवळ वैद्यकशास्त्राचा इतिहास नसून तो शासनसंस्था आणि समाज यांच्या परस्परसंबंधांचाही इतिहास आहे. रोगजंतू कोणत्याही खात्याची, जिल्ह्याची वा प्रांताची सीमा जाणत नाही. परंतु त्याला तोंड देणारी यंत्रणा मात्र अशा सीमांनीच बांधलेली असते. बंदर एकाच्या ताब्यात, रेल्वे दुसऱ्याच्या, रुग्णालये तिसऱ्याच्या आणि धान्यपुरवठा चौथ्याच्या अखत्यारीत, अशी स्थिती असताना या सर्वांनी एकत्रितपणे विचार कधी व कसा करावयाचा, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. प्रस्तुत लेखात १९१८ च्या इन्फ्लुएंझाच्या साथीतील मुंबईच्या अनुभवाच्या आधारे या प्रश्नाचा ऐतिहासिक मागोवा घेण्याचा प्रयत्न केला आहे.

पूर्वपीठिका : प्लेग आणि १८९७ चा कायदा

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात प्लेगचे निदान झाले. हे निदान करणारे डॉ. अकासियो व्हिएगस हे मूळचे गोव्याचे. साथ पसरू लागताच शासनाने ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा संमत केला. अवघ्या चार कलमांच्या या कायद्याने शासनास तात्पुरते नियम करण्याचे, प्रवाशांची तपासणी करण्याचे व संशयितांना अलग ठेवण्याचे अधिकार दिले, नियमभंगासाठी शिक्षा ठरविली आणि सद्‌हेतूने कृती करणाऱ्या अधिकाऱ्यांना संरक्षण दिले. परंतु निरनिराळ्या खात्यांनी एकमेकांशी कसे वागावे, कोणी कोणास माहिती द्यावी, औषध व अन्न पुरविण्याचे उत्तरदायित्व कोणाचे, याविषयी हा कायदा मौन बाळगतो. अधिकार होते, समन्वय नव्हता.

पुण्यात प्लेग समितीचे अध्यक्ष वॉल्टर चार्ल्स रँड यांच्या कारकिर्दीत घरझडतीसाठी लष्कराचा वापर झाला. त्यातून उसळलेल्या असंतोषाची परिणती २२ जून १८९७ च्या गोळीबारात झाली. या अनुभवाने शासनाने सक्तीबाबत सावध राहण्याचा धडा घेतला. मात्र सक्तीच्या जागी लोकसहभागावर आधारलेली योजना उभी करावयास हवी, हा धडा मागेच राहिला.

साथीचे आगमन

१० जून १९१८ रोजी मुंबईत सात पोलीस शिपाई तापाने आजारी पडून रुग्णालयात दाखल झाले. हा ताप हिवतापाचा नव्हता. त्यानंतर थोड्याच दिवसांत जहाज कंपन्यांचे नोकर, पोर्ट ट्रस्टचे कर्मचारी, बँकांतील कारकून, टांकसाळीतील आणि गिरण्यांतील कामगार आजारी पडू लागले. नगरपालिकेचे आरोग्याधिकारी डॉ. जे. ए. टर्नर यांनी मे महिन्याच्या अखेरीस बंदरात आलेल्या एका लष्करी वाहतुकीच्या जहाजाकडे बोट दाखविले. याउलट, जहाजावरील लोकांनाच शहरातून लागण झाली असावी, असा प्रतिवाद शासकीय बाजूने झाला.

हा वाद वरवर पाहता उगमाचा होता. वस्तुतः तो उत्तरदायित्वाचा होता. रोग समुद्रमार्गे आला असेल तर दोष बंदर व लष्करी वाहतूक यांच्याकडे जातो. तो शहरातच उद्भवला असेल तर तो नगरपालिकेच्या स्वच्छताव्यवस्थेकडे जातो. महायुद्ध चालू असल्याने सैनिकांची ने-आण थांबविणे शासनास मान्य होण्यासारखे नव्हते. बंदर, लष्कर आणि नगरपालिका यांना एका सूत्रात बांधणारी पूर्वनियोजित व्यवस्था नसल्यामुळे उन्हाळ्याच्या अखेरीस आलेल्या सौम्य लाटेतून मिळालेला पूर्वइशारा वाया गेला.

दुसरी लाट आणि यंत्रणेची मर्यादा

सप्टेंबरमध्ये आलेली दुसरी लाट अत्यंत घातक ठरली. ६ ऑक्टोबर १९१८ या एका दिवशी मुंबई शहरात ७६८ मृत्यू नोंदले गेले. रेल्वेमार्गांनी रोग प्रांताच्या अंतर्भागात पोहोचला. मुंबई इलाख्यातील बळींची संख्या दहा लाखांच्या पुढे गेली असे मानले जाते. संपूर्ण हिंदुस्थानातील मृत्यूंचे अंदाज सव्वा कोटीपासून पावणेदोन कोटींपर्यंत आहेत. अंदाजांतील ही तफावतही बोलकी आहे. इन्फ्लुएंझाने झालेले मृत्यू बहुधा ‘ताप’ किंवा ‘श्वसनविकार’ या सदरांखाली नोंदले जात. म्हणजे मोजदाद करणाऱ्या यंत्रणेलाही शत्रूचे नाव ठाऊक नव्हते.

या वेळी संकटे परस्परांत गुंतलेली होती. अनेक वैद्यकीय अधिकारी युद्धसेवेत गेलेले होते. त्याच वर्षी पावसाने दगा दिला, पिके बुडाली आणि धान्याचे भाव कडाडले. आरोग्य खात्याने औषध दिले तरी उपाशी रुग्णास ते पुरे पडणारे नव्हते. त्यामुळे साथीचा भार सर्वांवर सारखा पडला नाही. मुंबई शहरातील दर हजारी मृत्युप्रमाण युरोपीय लोकांत ८.३, पारशांत ९, मुसलमानांत १९.२ व सवर्ण हिंदूंत १८.९ होते, तर तत्कालीन अहवालांनी ज्यांना ‘कनिष्ठ जाती’ म्हटले त्या समाजात ते ६१.६ इतके होते. दाटीवाटीच्या चाळी, अपुरा आहार व शुश्रूषेचा अभाव यांचा हा परिणाम होय. समन्वयाच्या अभावाची किंमत कोणी मोजली, याचे उत्तर या आकड्यांत आहे.

समाजाने उभारलेला समन्वय

शासनयंत्रणा अपुरी पडत असताना समाजातील संस्था पुढे सरसावल्या. नारायण मल्हार जोशी यांनी १९११ मध्ये स्थापन केलेल्या सोशल सर्व्हिस लीगचे कार्य या संदर्भात विशेष उल्लेखनीय आहे. लीगने विविध स्वयंसेवी गटांच्या मदतकार्याची सांगड घालण्याचा प्रयत्न केला. जातिसंस्था, धर्मादाय मंडळे व खाजगी डॉक्टर यांनी औषध, दूध व कपडे पुरविणे, घरोघरी जाऊन रुग्णांची विचारपूस करणे अशी कामे अंगावर घेतली. रँडच्या काळी ज्या घरांची दारे शिपायांसमोर नाइलाजाने उघडली गेली, तशाच घरांची दारे आता स्वयंसेवकांसाठी आपणहून उघडली. विश्वास ही देखील एक यंत्रणा असते, हे या अनुभवावरून दिसून येते.

अर्थात, या कार्याचे उदात्तीकरण करणे योग्य नव्हे. जातिसंस्थांची मदत प्रामुख्याने आपापल्या ज्ञातीपुरती होती. ज्यांच्यामागे धनिक ज्ञातिबांधव नव्हते, त्यांच्यापर्यंत ती कमीच पोहोचली. सर्वांस सामावून घेणारे नियोजन हे अखेर शासनाचेच कर्तव्य राहते.

उत्तरकाळ

१९१९ च्या सुधारणा कायद्याने सार्वजनिक आरोग्य हा विषय प्रांतांकडे सोपविला गेला. परंतु बंदरे व रेल्वे मध्यवर्ती सत्तेच्या कक्षेत राहिल्या. १९५२ मध्ये पुण्यात विषाणू संशोधन केंद्र स्थापन झाले. तेच पुढे राष्ट्रीय विषाणू संस्था म्हणून ओळखले जाऊ लागले. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने इन्फ्लुएंझावर लक्ष ठेवणारे आंतरराष्ट्रीय जाळे उभारले.

फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे कोंबड्यांमध्ये एच५एन१ विषाणू आढळला. नवापूर गुजरातच्या सीमेवर असल्याने पशुसंवर्धन, आरोग्य, महसूल व पोलीस या खात्यांबरोबरच दोन राज्यांनाही एकत्र यावे लागले. पक्ष्यांच्या नमुन्यांची तपासणी भोपाळ येथे, तर माणसांच्या नमुन्यांची पुण्यात झाली. कुक्कुटपालकांना नुकसानभरपाई देणे हा रोगनियंत्रणाचाच भाग ठरला, कारण भरपाईची शाश्वती नसेल तर रोगाची माहिती दडविली जाण्याचा धोका असतो. २००९ मध्ये एच१एन१ च्या साथीत देशातील पहिला मृत्यू ३ ऑगस्ट रोजी पुण्यात झाला. सुरुवातीस तपासणी व औषध केवळ शासकीय व्यवस्थेतूनच उपलब्ध होते. लोकांची गर्दी वाढल्यावर खाजगी रुग्णालयांना या कामात सामील करून घेण्यात आले. म्हणजे १९१८ मधील खाजगी वैद्यकांचा प्रश्न नव्वद वर्षांनंतरही पूर्वनियोजनाच्या बाहेरच होता. पुढे २०२० मध्ये कोविडच्या साथीत १८९७ चाच कायदा, २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याच्या जोडीने, पुन्हा वापरला गेला.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून तीन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, अधिकार देणारा कायदा आणि सहकार्य घडविणारी योजना या भिन्न गोष्टी आहेत. दुसरी, यंत्रणांमधील सीमारेषांचा वाद साथ आल्यावर सुटत नाही. तो आधीच मिटवावा लागतो. तिसरी, धान्य, निवारा व मजुरी यांचा विचार वगळून केलेले आरोग्यनियोजन सर्वांत दुर्बळ घटकास वाऱ्यावर सोडते. १९१८ च्या जून आणि सप्टेंबर या महिन्यांच्या दरम्यान मुंबईला सुमारे तीन महिन्यांची उसंत मिळाली होती. त्या उसंतीचा उपयोग करून घेण्याची जबाबदारी कोणा एकाची नव्हती, म्हणून ती कोणाचीच उरली नाही. साथींचा इतिहास अभ्यासण्याचे प्रयोजन हेच की, पुढील उसंत तरी अशी निसटू नये.