नत्राचे धोरण आणि नदीतील वनस्पती : हातकणंगले तालुक्याच्या संदर्भात एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

हातकणंगले तालुक्याच्या उत्तरेस वारणा व दक्षिणेस पंचगंगा वाहते. या दोन नद्यांमधील सुपीक जमिनीत ऊस हे प्रमुख पीक आहे. उन्हाळ्यात पंचगंगेचा प्रवाह मंदावला की रुकडी व इचलकरंजी परिसरातील पात्रात केंदाळ, म्हणजेच जलपर्णी, पसरते. या दृश्याचा अर्थ ‘वनस्पतींची बेसुमार वाढ’ एवढाच लावला जातो. परंतु तो अपुरा आहे. पृष्ठभागावर हिरवळ माजते तेव्हा पाण्याखालील वनस्पती ताणाखाली असतात. या ताणामागील एक प्रमुख कारण खत-धोरणाच्या इतिहासात दडलेले आहे, हे दाखविणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

राजर्षी शाहू महाराजांनी राधानगरी धरणाची योजना हाती घेतली आणि कोल्हापूरच्या बारमाही शेतीचा पाया घातला गेला. पुढे कोल्हापूर पद्धतीचे बंधारे, उपसा सिंचन आणि रत्नाप्पा कुंभार यांनी उभारलेल्या पंचगंगा साखर कारखान्यासारख्या सहकारी संस्था यांमुळे ऊसक्षेत्र विस्तारले.

याच काळात रासायनिक नत्र उपलब्ध झाले. फ्रिट्झ हाबर यांनी १९०९ मध्ये हवेतील नत्रापासून अमोनिया तयार करून दाखविला. १९१३ मध्ये जर्मनीतील ओप्पाऊ येथे त्याचे औद्योगिक उत्पादन सुरू झाले. भारतात १९५१ मध्ये सिंद्रीचा कारखाना सुरू झाला. १९६० च्या दशकातील हरितक्रांतीनंतर युरिया खेडोपाडी पोहोचला.

१९७७ मध्ये धारण-किंमत योजनेद्वारे खतांना अनुदानाचे संरक्षण मिळाले. ऑगस्ट १९९२ मध्ये स्फुरद व पालाशयुक्त खते नियंत्रणमुक्त होऊन महागली; युरिया मात्र नियंत्रित व स्वस्त राहिला. २०१० च्या पोषकद्रव्याधारित अनुदान योजनेतूनही युरिया वगळण्यात आला. परिणामी शेतकऱ्याचा कल नत्राकडे झुकला. हा झुकाव त्याच्या अज्ञानातून नव्हे, तर किमतींच्या रचनेतून आला, हे लक्षात घेतले पाहिजे.

आडसाली उसासाठी हेक्टरी ४०० किलो नत्र, १७० किलो स्फुरद व १७० किलो पालाश अशी शिफारस आहे. हे नत्र केवळ युरियातून द्यावयाचे झाल्यास सुमारे ८७० किलो युरिया लागतो. दिलेल्या नत्राचा मोठा भाग पिकास मिळत नाही. सऱ्यांतून मोकाट पाणी दिल्यास तो निचऱ्यावाटे ओढ्यांत व तेथून नदीत जातो.

जलवनस्पतींवरील ताण

व्हॅलिसनेरियासारख्या बुडीत वनस्पती पानांवाटेही अमोनियम शोषतात. पेशीत साठलेले अमोनियम विषारी ठरते. म्हणून वनस्पतीला त्याचे अमिनो आम्लांत रूपांतर करावे लागते. त्यासाठी साठविलेली शर्करा खर्ची पडते. दुसरीकडे, त्याच पोषकद्रव्यांवर वाढलेली शैवाले व जलपर्णी सूर्यप्रकाश अडवितात आणि प्रकाशसंश्लेषण घटते. खर्च वाढतो व उत्पन्न घटते, अशी ही दुहेरी कोंडी आहे. पेशींत क्रियाशील ऑक्सिजन-घटक वाढून हरितद्रव्याचा ऱ्हास होतो. दुपारी शैवालांच्या प्रकाशसंश्लेषणाने पाण्याचा सामू चढला की अमोनियमचा काही अंश मुक्त अमोनियात बदलतो. तो पेशीपटलातून सहज आत शिरतो.

बुडीत वनस्पती नष्ट झाल्या की गाळ धरून ठेवणारी मुळे, पाण्यात विरघळणारा प्राणवायू व माशांच्या पिलांचा आसरा या तिन्ही गोष्टी नाहीशा होतात. जलपर्णी ही उणीव भरून काढीत नाही. तिची पाने हवेत असल्याने त्यांनी निर्माण केलेला प्राणवायू बहुतांशी वातावरणात जातो; ती कुजताना मात्र पाण्यातीलच प्राणवायू खर्च होतो.

चर्चा

पंचगंगेच्या प्रदूषणास केवळ शेती जबाबदार नाही. नागरी व औद्योगिक सांडपाण्याचाही त्यात मोठा वाटा आहे, आणि सांडपाण्यातून नत्राबरोबर स्फुरदही येते. तथापि सांडपाण्याचा नळ डोळ्यांना दिसतो. शेतातून झिरपणारे नत्र दिसत नाही. बंधाऱ्यांमागे साठलेल्या संथ पाण्यात हे दोन्ही एकत्र येतात. ज्या बंधाऱ्यांनी उसाला पाणी दिले, त्यांनीच उसातून निसटलेले नत्रही अडवून धरले.

बंगाल प्रांताने १९३६ मध्ये जलपर्णीविरुद्ध स्वतंत्र कायदा केला होता. तरीही ती हटली नाही. कारण कायदा वनस्पतीविरुद्ध होता, पाण्यातील पोषकद्रव्यांविरुद्ध नव्हता. केंदाळ काढण्याच्या आजच्या मोहिमांनाही हीच मर्यादा आहे.

निष्कर्ष

२०१५ पासून युरियास कडुनिंबाचे आवरण सक्तीचे झाले. त्याने नत्र सुटण्याचा वेग मंदावतो. परंतु मात्रेचा प्रश्न सुटत नाही. माती परीक्षणानुसार विभागून मात्रा, ठिबकद्वारे खत, निचऱ्याच्या ओढ्यांकाठी वनस्पतींचे पट्टे आणि सांडपाण्यावर प्रक्रिया हे उपाय एकत्र योजावे लागतील. नदीच्या आरोग्याचे मोजमाप करताना काढलेल्या केंदाळाच्या टनांबरोबरच पाण्याखाली जगणाऱ्या वनस्पतींची नोंद व्हावयास हवी. परिसरातील महाविद्यालयांचे वनस्पतिशास्त्र व इतिहास विभाग हे काम संयुक्तपणे करू शकतील.