परवान्याचा कागद

आंबिवली स्थानकावर बंदूकधारी गृहस्थास पोलीस अधिकाऱ्याने परवाना विचारला, तर त्यात अपमान मानावा काय? १८७८ च्या हत्यारांच्या कायद्यात तो होता. कारण हिंदी माणसास परवान्याची सक्ती आणि गोऱ्यांस सूट होती. म्हणूनच १९३१ साली काँग्रेसने नियमांस धरून शस्त्रधारणाचा हक्क मागितला. १९४८ च्या डिसेंबरात घटना समितीत कामथांनी तोच आग्रह धरला, तेव्हा सराईत गुन्हेगारांसही हा हक्क द्यावयाचा काय, असा डॉ. आंबेडकरांचा आक्षेप होता. तो हक्क मूलभूत ठरला नाही. १९५९ च्या कायद्याच्या १९ व्या कलमान्वये पोलिसाने मागताच परवाना दाखवावा लागतो. न दाखविल्यास नाव-पत्ता विचारता येतो, हत्यारही जप्त होऊ शकते. पूर्वी भेद कातडीचा होता, आता कागदाचा आहे. तो कागद विनातक्रार दाखवावा. मात्र विचारणाऱ्यानेही तो सर्वांस सारखाच विचारावा.