रिकाम्या खुर्चीचे मोल

विमानप्रवासाचे भाडे ही मोठी चमत्कारिक वस्तू आहे. आगगाडीच्या एकाच वर्गातून एकाच गावी जाणाऱ्या दोन शेजाऱ्यांच्या तिकिटांवर बहुधा एकच आकडा आढळतो. विमानात मात्र लगतच्या दोन खुर्च्यांवर बसलेल्या गृहस्थांपैकी एकाने दुसऱ्याच्या दुप्पट पैसे मोजलेले असावेत आणि दोघांनाही त्याचा पत्ता नसावा, हे नित्याचेच आहे. ही विषमता कोणा व्यापाऱ्याची निव्वळ लहर नव्हे. तिच्यामागे शंभराहून अधिक वर्षांचा इतिहास आहे, आणि त्या इतिहासातील एक महत्त्वाचा अध्याय आपल्या नागपुरास, मध्यरात्रीच्या अंधारात, घडलेला आहे.

हा इतिहास एखाद्या राजधानीतून पाहण्यापेक्षा भंडारा जिल्ह्यातील दिघोरीसारख्या गावातून पाहणे अधिक बोधप्रद होईल. नागपूर शहरात दिघोरी नाका म्हणून जो भाग प्रसिद्ध आहे, त्याच्याशी या गावाचा घोटाळा मात्र होऊ देऊ नये. हे दिघोरी धानाच्या बांध्यांच्या आणि जुन्या मालगुजारी तलावांच्या मुलुखातील आहे. येथून विमान गाठावयाचे म्हणजे एका बाजूस नागपूर, नाही तर दुसऱ्या बाजूस गोंदियाजवळचे बिरसी. दोन्ही ठिकाणी आधी सडकेने जावे लागते. ज्याच्या दारात विमानतळ नाही त्यालाच तिकिटाच्या खऱ्या किमतीची जाणीव असते, कारण त्याला विमानाच्या भाड्यात सडकेचे भाडे आणि मोडलेला दिवस या दोहोंची बेरीज करावी लागते.

हिंदुस्थानात विमानाने प्रथम नेली ती माणसे नव्हेत, तर पत्रे. १८ फेब्रुवारी १९११ रोजी हेन्री पेके या फ्रेंच वैमानिकाने अलाहाबादेहून यमुनेपलीकडील नैनी येथे सुमारे साडेसहा हजार पत्रे पोहोचविली. पुढे १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईच्या जुहू येथे जे लहानसे विमान आणले, तेही टपालाचेच होते. त्यांचे सहकारी नेव्हिल व्हिन्सेंट यांनी ते टपाल पुढे बेल्लारीमार्गे मद्रासेस नेले. या कंपनीने पहिल्या पुऱ्या वर्षात, म्हणजे १९३३ साली, सुमारे एक लक्ष साठ हजार मैलांचे उड्डाण केले, आणि प्रवासी नेले अवघे १५५. उड्डाणाचा खर्च टपाल भागवीत होते. माणूस हा त्या विमानातील उरलेल्या जागेचा पाहुणा होता.

स्वस्त तिकिटाचे मूळ या उरलेल्या जागेत आहे. विमान उडाले की इंधन जळणार, वैमानिकाचा पगार द्यावा लागणार, विमानतळाचे शुल्क भरावे लागणार. खुर्ची भरलेली असो वा रिकामी असो, या खर्चात फारसा फरक पडत नाही. भंडाऱ्याचा शेतकरी आपले धान कोठीत ठेवून भाव चढेपर्यंत थांबू शकतो. परंतु आठवडी बाजारात भाजी घेऊन बसलेल्या बाईला तसे थांबता येत नाही. दिवस मावळला की तिची भाजी कवडीमोल होते. विमानातील खुर्ची ही त्या भाजीहूनही नाशवंत आहे. विमानाने जमीन सोडली, त्या क्षणी रिकाम्या खुर्चीची किंमत शून्य होते आणि ती पुन्हा कधीही विकता येत नाही. ती खुर्ची कोणी भरावी, आणि ती स्वस्तात भरल्याने पडलेली तूट कोणी सोसावी, या दोन प्रश्नांना निरनिराळ्या काळांनी दिलेली उत्तरे म्हणजेच स्वस्त तिकिटाचा इतिहास होय.

पहिले मोठे उत्तर स्वतंत्र भारताने दिले. ३० जानेवारी १९४९ रोजी रात्रीची हवाई टपालसेवा सुरू झाली. मुंबई, कलकत्ता, दिल्ली आणि मद्रास या चार शहरांहून चार विमाने रात्री निघत. देशाच्या मध्यावर असलेल्या नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर ती मध्यरात्रीनंतर एकत्र येत, आपापल्या टपालाच्या थैल्यांची अदलाबदल करीत आणि उजाडेपर्यंत आपल्या शहरी परत पोहोचत. त्याच वर्षी १ एप्रिलपासून देशांतर्गत पत्रे जादा आकार न घेता विमानाने नेण्याची योजना अमलात आली. आदल्या संध्याकाळी मुंबईस टाकलेले पत्र दुसऱ्या दिवशी कलकत्त्यास मिळू लागले. त्यातील मर्म असे की, दिवसा उडणारी विमाने एरवी रात्री स्वस्थ उभी राहत, त्यांना आता रात्रीही काम मिळाले.

या विमानांत टपालाबरोबर प्रवासीही घेत, आणि त्यांचे भाडे दिवसाच्या विमानापेक्षा कमी असे. प्रवाशाने झोपेचे खोबरे करावे, मध्यरात्री नागपुरास उतरून थैल्यांची चढउतार होईपर्यंत तिष्ठत बसावे, आणि त्याच्या मोबदल्यात पैसे वाचवावेत, असा हा उघड आणि सरळ व्यवहार होता. खुर्ची प्रवाशाने भरली, तूट टपालाने सोसली. त्या काळच्या रात्रीच्या उड्डाणाला भयाची किनार होती, हेही विसरता येत नाही. १२ डिसेंबर १९५३ च्या पहाटे मद्रासकडे निघालेले टपालाचे डाकोटा विमान नागपूरहून उडताच कोसळले आणि त्यातील १४ जणांपैकी १३ जण मृत्युमुखी पडले. केवळ वैमानिक वाचला.

तोपर्यंत दुसरे पर्व सुरू झाले होते. युद्धानंतर स्वस्तात मिळालेल्या डाकोटा विमानांच्या जोरावर अनेक कंपन्या निघाल्या आणि बहुतेक तोट्यात गेल्या. त्यांच्या कारभाराची चौकशी न्यायमूर्ती राजाध्यक्ष यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९५० साली केली. १९५३ च्या कायद्याने त्या वर्षाच्या १ ऑगस्टपासून या धंद्याचे राष्ट्रीयीकरण झाले आणि आठ कंपन्यांची मिळून इंडियन एअरलाइन्स कॉर्पोरेशन बनली. आता भाडे मार्गागणिक ठरलेले असे. आज तिकीट काढा की महिन्याने काढा, त्यात फरक नसे. या व्यवस्थेत एक प्रकारची समता होती खरी, पण ती ज्यांना भाडे परवडे त्यांच्यापुरतीच होती. दिघोरीच्या माणसाने विमान पाहावे ते आकाशातच, अशी ही समता होती.

इकडे भाडे स्थिर असताना परदेशात निराळाच विचार चालला होता. १९७२ साली ब्रिटिश ओव्हरसीज एअरवेज कॉर्पोरेशनमधील केन लिटलवुड यांनी एक साधा नियम मांडला. आज स्वस्तात विकलेल्या खुर्चीचे जे पैसे हाती येतील, ते उद्या त्याच खुर्चीचे पूर्ण भाडे देणारा गिऱ्हाईक येण्याच्या संभवाशी ताडून पाहावे. आजची रक्कम त्या अपेक्षेहून अधिक भरेल तोवरच स्वस्त तिकिटे विकावीत, पुढे थांबावे. १९७८ साली अमेरिकेने विमानभाड्यांवरील सरकारी नियंत्रण उठविले. गणकयंत्रांच्या साहाय्याने हा नियम तेथे प्रत्येक उड्डाणास लावला जाऊ लागला. बाजारातील भाजीचा न्याय येथे उलटा झाला. भाजी संध्याकाळी स्वस्त होते, खुर्ची मात्र शेवटच्या दिवशी बहुधा महाग होते. कारण उशिरा येणारा गिऱ्हाईक हौसेने आलेला नसून गरजेने आलेला असतो, हे विकणाऱ्याला पक्के ठाऊक असते.

भारतात १९९४ साली १९५३ चा कायदा रद्द झाला आणि खाजगी कंपन्यांना मोकळीक मिळाली. कॅप्टन गोपीनाथ यांच्या एअर डेक्कनने ऑगस्ट २००३ पासून लहान शहरे जोडली, फुकटच्या जेवणास फाटा दिला, तिकिटे इंटरनेटवर विकली आणि काही खुर्च्या तर एक रुपयास देऊ केल्या. ज्यांच्या घरात कोणी कधी विमानात बसले नव्हते, अशी माणसे प्रथमच विमानतळाची पायरी चढली. परंतु ही स्वस्ताई कंपनीला पेलली नाही. ती किंगफिशरमध्ये विलीन झाली आणि २०१२ साली किंगफिशरचीही उड्डाणे थांबली. येथे तूट भागधारकांनी, सावकारी बँकांनी आणि नोकरवर्गाने सोसली.

त्यानंतर सरकारने 'उडान' योजना आखली. तिची पहिली उड्डाणे २७ एप्रिल २०१७ रोजी झाली, आणि त्या दिवशीच्या मार्गांत नांदेड-हैदराबाद हा आपल्या मराठवाड्यातील मार्गही होता. या योजनेत विमानातील साधारण निम्म्या खुर्च्यांवर भाड्याची मर्यादा घालण्यात आली. एका तासाच्या प्रवासास ती आरंभी २,५०० रुपये होती. कंपनीची तूट सरकारी अनुदानातून आणि मोठ्या मार्गांवरील उड्डाणांवर बसविलेल्या आकारातून भरून निघावयाची. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४० साली, बांधलेल्या बिरसीच्या धावपट्टीवरून या योजनेखाली मार्च २०२२ मध्ये प्रवासी विमान उडाले. ती सेवा टिकली नाही. डिसेंबर २०२३ मध्ये दुसऱ्या कंपनीने गोंदियाहून हैदराबादेस उड्डाणे सुरू केली. लहान गावची विमानसेवा तिकीट स्वस्त झाल्याने सुरू होते, पण खुर्च्या नित्य भरल्या तरच टिकते, हा धडा तेथून मिळतो.

या साऱ्या इतिहासातून प्रवास आखणाऱ्याने घ्यावयाचा बोध फार साधा आहे. जी खुर्ची रिकामी राहण्याची भीती विकणाऱ्यास असते, तिच्याच मागे जावे. तिकीट आगाऊ काढावे. दिवाळी, उन्हाळ्याची सुटी आणि लग्नसराई टाळावी. आठवड्याच्या मधला वार आणि अडनिडी वेळ पत्करावी. रात्रीच्या टपालविमानातील प्रवाशाने हेच केले होते. एकाच विमानतळावर अडून न बसता नागपूर आणि गोंदिया या दोन्हींचे भाव पाहावेत. मात्र तुलना करताना सामानाचा आकार, खुर्ची निवडण्याचे पैसे, तिकीट रद्द करण्याची अट आणि सडकेचा खर्च हे सारे एका कागदावर मांडावे. पहाटेचे विमान पाचशे रुपयांनी स्वस्त मिळाले, पण त्यासाठी दिघोरीहून रात्री खास मोटार करून नागपूर गाठावे लागले, तर ती स्वस्ताई केवळ तिकिटावरचीच ठरते.

एवढे असूनही एक गोष्ट कोणत्याही युक्तीने सुटत नाही. ज्याला प्रवास आखता येतो, त्याला तिकीट स्वस्त पडते. ज्याला आखता येत नाही, त्याला ते महाग पडते. हैदराबादेस कामावर असलेल्या मुलाला गावाहून वडिलांच्या अखेरच्या घटकेचा निरोप आला, तर त्याला महिनाभर आधी तिकीट कसे काढता यावे? त्या रात्री सर्वांत जड भाडे त्याच्याच वाट्यास येते. त्याच विमानातील सहलीस निघालेल्या कुटुंबाची स्वस्ताई काही अंशी त्याच्या दुःखातून भागविली जाते. कोरोनाच्या साथीत २५ मे २०२० पासून ३१ ऑगस्ट २०२२ पर्यंत सरकारने भाड्यांना खालची आणि वरची अशा मर्यादा घातल्या होत्या. गरजेच्या माणसासाठी दराला वरची सीमा घालता येते, हे त्यावरून दिसून आले. तशी सीमा नेहमी असावी काय, हा वादाचा प्रश्न आहे. सीमा फार खाली आणली तर लहान गावची विमाने बंद पडतील, आणि मुळीच नसली तर अडलेला माणूस नाडला जाईल.

१९४९ च्या मध्यरात्री सोनेगावास तिष्ठत बसलेल्या प्रवाशाला आपण कशाच्या बदल्यात पैसे वाचवीत आहो, हे नीट ठाऊक होते. त्याची सूट टपालाच्या थैल्यांनी भरून काढली होती, कोणाच्या अडचणीने नव्हे. आजच्या स्वस्त तिकिटामागची थैली डोळ्यांना दिसत नाही. ती कधी सरकारी तिजोरीची असते, कधी भागधारकाची, तर कधी शेजारच्या खुर्चीवर मूकपणे बसलेल्या एखाद्या अडलेल्या माणसाची असते.