तीन चमचे चिखल आणि नाथसागर

बिडकीनहून पैठणच्या रस्त्याला लागले की अर्ध्या-पाऊण तासात नाथसागराचा काठ येतो. पाऊस चांगला झालेल्या वर्षी ऑक्टोबरमध्ये पाणी काठच्या बाभळींच्या बुंध्यांना लागलेले असते. मे महिन्यात त्याच जागी उभे राहिले तर पाणी दूर चकाकताना दिसते आणि मधल्या काळ्या पट्ट्यात कुणीतरी पीक घेऊन गेलेले असते. या जमिनीला आपल्याकडे गाळपेर म्हणतात. सहा महिने तळ आणि सहा महिने शेत असणाऱ्या अशा जागी पाणवनस्पती रुजतात तरी कशा?

हा प्रश्न मला पडला तो फजितीतून. काही वर्षांपूर्वी याच भागातल्या एका गावतळ्यात आम्ही कुमुदिनीचे कंद आणि हायड्रिलाच्या जुड्या लावल्या. मुहूर्त ऑगस्टचा, कारण तळ्यात पाणी तेव्हाच होते. सप्टेंबरच्या दोन मोठ्या पावसांनी पाणी पुरुषभर वाढले, तेही गढूळ. खालची रोपे उजेडावाचून कुजली. काठाजवळची तगली, ती फेब्रुवारीत उघडी पडली आणि शेळ्यांनी खाल्ली. पुढच्या जुलैत मात्र त्याच काठावर आम्ही न लावलेल्या चार-पाच जाती आपोआप उगवल्या. आमचा सगळा खटाटोप जिथे फसला, तिथे नुसत्या चिखलाने काम केले होते.

चिखलाची ही करामत मोजून पाहणारा एक प्रसिद्ध माणूस म्हणजे चार्ल्स डार्विन. त्याला तळी सुधारायची नव्हती. गोड्या पाण्यातल्या वनस्पती एका तळ्यातून दूरच्या तळ्यात कशा पोहोचतात, हे कोडे त्याला सोडवायचे होते. फेब्रुवारीत त्याने एका लहान तळ्याच्या काठाशी, पाण्याखालच्या तीन जागांवरून तीन मोठे चमचे चिखल घेतला. वाळल्यावर त्याचे वजन पावणेसात औंस, म्हणजे सुमारे १९० ग्रॅम भरले. तो न्याहारीच्या एका कपात मावला. अभ्यासिकेत सहा महिने झाकून ठेवलेल्या या चिखलातून एकूण ५३७ रोपे उगवली! १८५९ च्या ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’मध्ये त्याने हा आकडा दिला आणि पाणपक्ष्यांच्या पायांना चिकटणाऱ्या चिखलाकडे बोट दाखवले. पक्ष्यांचा मुद्दा गाजला. पण त्या आकड्यात दुसरीही एक गोष्ट दडलेली होती. तळ्याचा काठ हे बियांचे कोठार असते.

या कोठाराचे कुलूप कशाने उघडते, हे नीट समजायला शंभरहून अधिक वर्षे लागली. अमेरिकेतील आयोवा राज्यातल्या पाणथळींवर आर्नोल्ड व्हॅन डर व्हॉल्क आणि सी. बी. डेव्हिस यांनी १९७८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दिसले, की वरच्या काही सेंटिमीटर गाळात दर चौरस मीटरला हजारो बिया पडून असतात. पाणी उतरून गाळ उघडा पडला की त्यातल्या एका गटाला जाग येते. पाणी परत चढले की तो गट मागे पडतो आणि दुसरा वर येतो. १९८१ मध्ये व्हॅन डर व्हॉल्क यांनी यासाठी चाळणीची कल्पना मांडली. गाळात बिया सगळ्यांच्याच असतात. त्या वर्षी कोण उगवणार हे पाण्याची पातळी ठरवते.

पाणकणसाचे उदाहरण घ्या. त्याचे पिसासारखे हलके बी ओल्या, उघड्या चिखलात किंवा बोटभर पाण्यात उत्तम रुजते. खोल पाण्याखाली रुजणे त्याला जड जाते. एकदा मूळखोड धरले की मात्र ते कमरेएवढ्या पाण्यातही उभे राहते. कारा या शेवाळाचे बीजाणू जाड कवचात कोरडा उन्हाळा काढतात. हायड्रिला चिखलात वाटाण्याएवढे कंद सोडते. खालची ओल टिकली तर ते जगतात. सह्याद्रीच्या सड्यांवरचा वायतुराही उन्हाळ्यात डबकी आटल्यावर कंदरूपानेच जमिनीत दडून राहतो.

आता नाथसागराकडे येऊ. जायकवाडी धरणाची कोनशिला १९६५ मध्ये लालबहादूर शास्त्री यांनी बसवली आणि १९७६ मध्ये इंदिरा गांधींच्या हस्ते त्याचे लोकार्पण झाले. पूर्ण भरल्यावर पाण्याचा पसारा सुमारे ३५० चौरस किलोमीटर आणि साठा सुमारे २,९०० दशलक्ष घनमीटर. भागाकार केला तर सरासरी खोली आठ मीटरच्या आसपास येते. म्हणजे हा जलाशय परातीसारखा आहे, घागरीसारखा नाही. काठाचा उतार तीस मीटरला एक मीटर असेल, तर पातळी एक मीटर उतरताच तीस मीटर रुंदीचा पट्टा उघडा पडतो. चाळणी हलायला एवढी जागा मिळाली, म्हणूनच जिथे पूर्वी शेते होती तिथे कारा, हायड्रिला, व्हॅलिस्नेरिया, पोटॅमोजेटॉन यांनी बस्तान बसवले. बी गोदावरीच्या डोहांतून, जुन्या तळ्यांतून, पक्ष्यांच्या पायांतून आणि पोटांतून आले असणार. १९८६ मध्ये हा जलाशय पक्षी अभयारण्य झाला, त्यामागे ही उथळ, हिरवी किनार होती.

चाळणीतून नको ते पाहुणेही पार होतात. कुंपणाला म्हणून लावली जाणारी अमेरिकेतली बेशरम हे त्याचे ठळक उदाहरण. तिच्या फांदीचा तुकडा चिखलात पडला तरी मुळे धरतो, ती पाण्यात बुडाली तरी तगते, आणि विषारी असल्याने गुरे तिला सहसा तोंड लावत नाहीत. नाव ठेवणाऱ्याचे निरीक्षण अचूक होते.

चाळणी अतिही हलू शकते. २०१६ आणि २०१९ च्या उन्हाळ्यांत जायकवाडीचा उपयुक्त साठा संपला होता. असे एखादे वर्ष बियांना बाधत नाही. कंदांना मात्र बाधू शकते, कारण भेगा खोल गेल्या की ओलही जाते.

माझी खरी काळजी लहान तळ्यांची आहे. ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजना २०१७ मध्ये सुरू झाली. गाळ शेतात गेला पाहिजे याबद्दल वाद नाही. शेतकऱ्याला त्याचा फायदा होतो आणि तळ्यात पाणीही जास्त मावते. पण यंत्र सरसकट चालले की वरचा वीतभर थर, म्हणजे डार्विनचा कप, आधी ट्रॉलीत पडतो. शिवाय काठ उभा तासला जातो. मग पातळी मीटरभर उतरली तरी जेमतेम मीटरभर चिखल उघडा पडतो आणि तोही पावसात घसरतो. एका बाजूचा उतार सौम्य ठेवणे, आणि दोन-चार जागांचा वरचा थर बाजूला काढून काम संपल्यावर परत पसरणे, एवढ्याने बराच फरक पडावा. लागवड करायचीच असेल तर ती भर पावसाळ्यात न करता पाणी उतरू लागल्यावर, गुडघाभर पाण्यात करावी. आम्ही नेमके उलटे केले होते.

शाळेत करून पाहायला सोपा प्रयोग आहे. मे महिन्यात जवळच्या तळ्याच्या काठावरून तीन जागांचा वरचा चिखल आणावा, नीट मिसळावा आणि दोन पसरट ताटल्यांत सारखा वाटावा. एक ताटली नुसती ओली ठेवायची, दुसरीत चार बोटे पाणी राखायचे. दोन्ही खिडकीत, उजेडात, पण बाहेरचे बी पडू नये म्हणून वर काच किंवा पातळ मलमल. दोन ताटल्यांत उगवणाऱ्या जाती निराळ्या निघतात का, ते पाहावे. जे रोप वर येईल ते ओळखून उपटावे आणि वहीत मांडावे, म्हणजे तेच दोनदा मोजले जात नाही. डार्विननेही एकेक रोप उपटूनच मोजले होते.