चांद्याचा सिकलसेल, पाण्याच्या बाजूने

1958 साली गडचिरोली हा वेगळा जिल्हाच नव्हता. अहेरी-सिरोंचापर्यंतचा सारा मुलूख चांदा जिल्ह्यात मोडे. त्याच वर्षी शुक्ला आणि सोलंकी यांची मध्य भारतातल्या सिकलसेलची नोंद ‘लॅन्सेट’मध्ये छापून आली. तेव्हापासून विदर्भात या आजाराचा इतिहास हिमोग्लोबिनच्या अंगानेच सांगितला जातो: कोणत्या समाजात वाहक किती, लग्न कोणाशी जुळवावे, कोणाशी टाळावे. ही हकिगत अर्धीच आहे. 1958मध्येच हंगेरीच्या गार्डोश यांनी दाखवले की तांबड्या पेशीत कॅल्शियम शिरले की पोटॅशियम बाहेर वाहू लागते. त्यांच्यापुढे सिकलसेल नव्हता, पण चांद्याच्या रुग्णाचे दुखणे समजायला ही दुसरी नोंदही तितकीच लागते.

पेशीपटल म्हणजे मेदाचे दोन पापुद्रे; 1925 साली गॉर्टर आणि ग्रेंडेल यांनी तांबड्या पेशींतलाच मेद पाण्यावर पसरून हे ताडले. मेदातून क्षार सहसा आरपार जात नाहीत, म्हणून पटलात प्रथिनांच्या वाटा असतात. शिवाय एक पंप ऊर्जा खर्चून 3 सोडियम बाहेर टाकतो आणि 2 पोटॅशियम आत घेतो. सिकल हिमोग्लोबिनाचा ऑक्सिजन सुटला की त्याचे लांब दांडे जुळतात, पटल ताणले जाते, कॅल्शियम आत येते आणि गार्डोशची वाट उघडते. पोटॅशियमच्या मागोमाग पाणी जाते, पेशी सुकते. आतले हिमोग्लोबिन जरासे दाट झाले तरी दांडे कितीतरी पट लवकर जुळतात. फुप्फुसात पुन्हा ऑक्सिजन मिळूनही काही पेशी वाकड्याच राहतात, त्या पटलाच्या या नुकसानीमुळे.

मूळ दोष हिमोग्लोबिनच्या एका अमिनो आम्लात आहे, हे खरेच. त्याहून टोकदार आक्षेप औषधाचा: गार्डोशची वाट बुजवणाऱ्या सेनिकापॉकने पेशी फुटणे कमी झाले, वेदनेचे झटके मात्र कमी झाले नाहीत. म्हणून पटल गौण ठरत नाही. वेदनेला रक्तवाहिनीला चिकटणाऱ्या पेशीही कारण असतात, आणि चिकटणे हा पटलाच्या पृष्ठभागाचाच गुण. एक वाट बंद करून सारे थांबेल ही अपेक्षाच भाबडी होती. त्यात पाणी शरीरातूनही जाते: या रुग्णांच्या मूत्रपिंडाला लघवी पुरेशी दाट करता येत नाही, वाहकांतही ही उणीव थोडीफार दिसते. डॉक्टर भरपूर पाणी प्यायला सांगतात ते यासाठी. आणि इथल्या घरांत हातात पैसा येतो तो ऐन मे महिन्यात, तेंदूपत्ता तोडून 70-70 पानांचे पुडे बांधताना. 2023 पासूनच्या राष्ट्रीय मोहिमेतली तपासणी हिमोग्लोबिनचा प्रकार सांगते. लग्न ठरवायला तेवढे पुरे. तोडणीच्या दिवसांत रुग्णाला जंगलात पाणी किती मिळते, याची चौकशी वेगळीच करावी लागते.