प्लेगचे मृत्यू, मुडदूस आणि माझा एरर लॉग

आजच्या भागात कोड कमी आणि इतिहास जास्त. पण सुरुवात माझ्या फजितीपासून करतो.

मी पायथनमध्ये एक स्क्रेपर लिहिला होता. रोज रात्री एका साइटवरून किमती गोळा करायचा. एरर आली की तिच्या प्रकाराचं नाव काउंटरमध्ये टाकायचं आणि सकाळी हिशोब बघायचा. टाइमआउट किती, ४०३ किती, अ‍ॅट्रिब्यूटएरर किती. एका आठवड्यात अ‍ॅट्रिब्यूटएरर एकदम शेकड्यांत गेली. ४०३ मात्र चारच. मग मी टीमला ठामपणे सांगितलं, "साइटने आपल्याला ब्लॉक केलेलं नाहीये." आणि दोन दिवस सिलेक्टर बदलत बसलो.

तेव्हा मला जॉन ग्रॉन्ट माहीत असायला हवा होता.

प्लेग म्हटलं की आपल्याला १८९७ चं पुणं आठवतं. ही गोष्ट त्याच्याही सुमारे पावणेतीनशे वर्षं आधीच्या लंडनमधली. तिथे दर आठवड्याला मृत्यूंचा तक्ता छापला जायचा. कुणी वारलं की चर्चची घंटा वाजायची, मग नेमून दिलेल्या म्हाताऱ्या बायका घरी येऊन प्रेत बघायच्या आणि मृत्यूचं कारण सांगायच्या. मंगळवारी सगळ्या पॅरिशचे आकडे एकत्र, गुरुवारी तक्ता लोकांच्या हातात. चक्क वीकली क्रॉन जॉब! सुरुवातीला प्लेग आणि बाकीचे एवढीच वाटणी होती. १६२९ पासून बाकीची कारणंही छापायला लागले. त्यात 'दात' हे एक कारण होतं, 'अचानक' हे दुसरं. ('अननोन एरर' काही आपला शोध नाही.)

ग्रॉन्ट डॉक्टर नव्हता. सुई-दोरा, बटणं असला माल विकणारा दुकानदार. त्याने हे जुने तक्ते जमवले आणि १६६२ साली त्यावर पुस्तक लिहिलं. त्यात १६२५ च्या प्लेगचा हिशोब आहे. एकूण मृत्यू ५४,२६५. प्लेगचे ३५,४१७. उरले १८,८४८. आता बहुतेक लोक प्लेगचा आकडा बघून थांबले असते. ग्रॉन्टने उरलेल्यांकडे पाहिलं. एरवीच्या वर्षी लंडनमध्ये सात-आठ हजार माणसं मरायची, मग प्लेग सोडून बाकीच्या कारणांनी यंदाच अकरा हजार जास्त कशी मेली? ती प्लेगचीच होती, दुसऱ्या नावाखाली गेलेली.

का, ते समजण्यासारखं आहे. प्लेग नोंदला गेला की घराला बाहेरून कुलूप, आत अख्खं कुटुंब. म्हाताऱ्यांना थोडे जास्त पैसे आणि बिअरचा पेला दिला की कारण बदलता येतं, असं ग्रॉन्ट स्वतः गुप्तरोगाच्या मृत्यूंबद्दल लिहितो. ते क्षयात जमा व्हायचे.

मला त्याहून भारी वाटतो त्याचा मुडदुसाचा हिशोब. १६३४ साली तक्त्यात हा रोग पहिल्यांदा दिसतो. रोग नवा, की जुन्याच रोगाचं नाव नवं? आधी यकृत वाढण्याचा एक रकाना होता. मुडदूस त्यातून फुटून निघाला असेल तर तो आकडा तेवढाच घटायला हवा. ग्रॉन्टने तपासलं. घटला नव्हता. म्हणजे रोग खरंच नवा, असं त्याने ठरवलं. लायब्ररी अपग्रेड केल्यावर लॉगमध्ये नवीन एक्सेप्शन दिसलं की मी आता हेच करतो. जुनं कुठलं तेवढंच कमी झालंय का, ते आधी बघतो.

तर माझी साइट. ती ब्लॉकच करत होती. फक्त ४०३ न देता २०० ओके म्हणून कॅप्चाचं पान पाठवत होती. पार्सरला किमतीचा टॅग सापडेना, हातात 'नन' यायचं आणि नोंद व्हायची अ‍ॅट्रिब्यूटएरर. इथे लाच कुणी दिली नव्हती. माझा एक्सेप्ट ब्लॉकच ती म्हातारी होता, प्रेत बघून जे वाटेल ते सांगणारा. आणि ते दोन दिवस आम्ही, नको म्हणणाऱ्या साइटवर, रिक्वेस्ट मारतच होतो.

आता काउंटरमध्ये नुसतं नाव जात नाही. स्टेटस कोड, पानाची लांबी आणि टायटल सोबत जातं. आणि सकाळी मी सर्वात मोठा रकाना सोडून, नेहमीपेक्षा फुगलेला रकाना आधी उघडतो.