गुरांचें विष, माणसांचें औषध

अंबडच्या औद्योगिक वसाहतींत पत्रे कापणाऱ्या यंत्रावर राबणारा एखादा कारागीर साठीच्या उंबरठ्यावर धाप लागून मटकन् खालीं बसतो. डॉक्टर नाडी पाहतात तों ती बेताल. कार्डिओग्रामवरून 'एट्रियल फिब्रिलेशन' हें निदान ठरतें आणि रक्त पातळ करणारी गोळी लिहून दिली जाते. मग घरांत पहिला प्रश्न उठतो तो हा, कीं ज्याचा हात दिवसभर पात्याजवळ, त्यानें असलें औषध घ्यावें तरी कसें? प्रश्न रास्त आहे. या औषधाची जन्मकथा ऐकल्यावर तर तो अधिकच रास्त वाटेल.

नाडीच्या या बेतालपणाचें मूळ हृदयाच्या वरच्या कप्प्यांच्या थरथरण्यांत आहे, हें लंडनच्या टॉमस लुईस यांनीं १९०९ च्या सुमारास दाखविलें. थरथरणाऱ्या कप्प्यांत रक्त तुंबतें, गुठळी बनते, आणि ती मेंदूच्या रक्तवाहिनींत अडकली म्हणजे अर्धांगवायु. इतरांच्या मानानें हा धोका सुमारें पांचपट.

त्यावरचें औषध मात्र गोठ्यांत सांपडलें. १९२० नंतरच्या दशकांत कॅनडांत आणि अमेरिकेच्या उत्तर भागांत गुरें रक्तस्रावानें मरूं लागलीं. शिंगें कापल्याच्या जखमेंतूनहि रक्त थांबेना. बुरशी धरलेला 'स्वीट क्लोव्हर' हा चारा त्यास कारण आहे, हें पशुवैद्य फ्रँक स्कोफील्ड यांनीं ओळखलें. फेब्रुवारी १९३३ मध्यें एक शेतकरी हिमवादळांतून विस्कॉन्सिन विद्यापीठांत कार्ल पॉल लिंक यांच्याकडे आला. बरोबर मेलेली कालवड, सडका चारा आणि दुधाच्या कॅनमध्यें न गोठलेलें रक्त! लिंक यांच्या प्रयोगशाळेनें सहा वर्षें खपून त्या चाऱ्यांतील विष वेगळें काढलें. त्याच कुळांतील वॉरफरिन १९४८ सालीं बाजारांत आलें तें उंदीर मारण्यासाठीं. १९५१ सालीं एका अमेरिकन सैनिकानें जीव देण्यासाठीं तें खाल्लें, पण 'के' जीवनसत्त्वाच्या उताऱ्यानें तो वांचला. १९५४ सालीं तें माणसांस देण्याची परवानगी मिळाली आणि १९५५ सालीं हृदयविकाराच्या झटक्यानंतर अध्यक्ष आयसेनहॉवर यांनाहि तें देण्यांत आलें.

'पातळ' हा शब्द तसा फसवाच. रक्त पाण्यासारखें होत नाहीं. गोठण्यास वेळ लागतो, इतकेंच. मेथी-पालकांत 'के' जीवनसत्त्व असतें, म्हणून त्या भाज्या वर्ज्य नव्हेत. पण आज जुडीभर आणि मग पंधरवडाभर मुळींच नाहीं, हें चालत नाहीं. रक्त तपासून आय.एन.आर. हा अंक बहुधा २ ते ३ यांच्या दरम्यान राखावा लागतो. एवढें पथ्य पाळल्यास अर्धांगवायूचा धोका सुमारें दोन-तृतीयांशानें घटतो. अ‍ॅस्पिरिनला तें साधत नाहीं.

२०१० पासून डॅबिगॅट्रान वगैरे नव्या गोळ्या आल्या. त्यांना वारंवार ती तपासणी लागत नाहीं, आणि मेंदूंत रक्तस्राव होण्याचें भयहि कमी. परंतु बालपणींच्या सांधेतापानें हृदयाची झडप अरुंद झालेले रोगी भारतांत अद्याप पुष्कळ आहेत. २०२२ सालीं प्रसिद्ध झालेल्या, २४ देशांतील साडेचार हजारांवर रोग्यांच्या 'इन्व्हिक्टस' चाचणींत, सांधेतापाच्या अशा हृदयरोग्यांत नव्या रिव्हरॉक्साबानपेक्षां वॉरफरिनच्या वर्गातील जुन्या औषधांवर मृत्यु कमी झाले.

तेव्हां त्या कारागिराची झडप, मूत्रपिंडें आणि रक्तदाब आधीं पाहिला जातो. झडप धड असेल तर बहुधा नवी गोळी. फार अरुंद असेल तर जुनीच, नियमित तपासणीसह. पात्यावरून दुसऱ्या कामावर बदली मागतां येते. गोळी मात्र परस्पर बंद करावयाची नाहीं. दांत काढावयाचा झाला तरी दंतवैद्यास तिचें नांव अगोदर सांगावें लागतें.